तसबिरीच्या चौकटीचा कोपरा

चौकटीच्या दोन पट्ट्यांची टोके प्रत्येकी ४५ अंशांत कापून एकमेकींना भिडवली की पट्टीवरच्या नक्षीच्या उंचसखल रेषा न तुटता कोपऱ्यात वळतात. या जोडाला मायटर म्हणतात. दिसायला तो अत्यंत देखणा असला तरी बांधणीच्या दृष्टीने दुबळा आहे, कारण तिरक्या कापात लाकडाचे तंतू तुटून त्यांची तोंडे उघडी पडतात, ती सरस शोषून घेतात, आणि कुसू भोकात बसवलेल्या सांध्याप्रमाणे एका पट्टीची दुसरीत अडकण इथे नसते. युरोपातील चौकट-कारागिरीचा इतिहास म्हणूनच बराचसा या जोडाला मागून आधार देण्याचा आणि पुढून झाकण्याचा इतिहास आहे.

मध्ययुगीन धार्मिक चित्रांत चौकट ही अनेकदा वेगळी वस्तूच नव्हती. ती चित्रफळीतूनच कोरलेली किंवा फळीवर पक्की बसवलेली असे, आणि खडू वा जिप्सम सरसात कालवून केलेला जेसो नावाचा पांढरा लेप व त्यावरचा सोन्याचा वर्ख फळी आणि चौकट या दोहोंवर एकत्रच चढे. पुढे इटलीत प्रबोधनकाळात ‘कासेत्ता’ नावाची सुटी चौकट रूढ झाली. तिच्या मागच्या सपाट पट्ट्या निम्मी निम्मी जाडी काढून एकमेकींवर बसवलेल्या असत आणि मायटर फक्त वरून लावलेल्या अरुंद नक्षीपट्ट्यांना असे. भार एका जोडाने वाहायचा आणि सौंदर्य दुसऱ्याने सांभाळायचे, अशी ही विभागणी होती, आणि चौकटीच्या बांधणीत यापेक्षा शहाणा तोडगा क्वचितच निघाला असेल.

त्यामागे लाकडाचा स्वभाव आहे. हवेतील ओलाव्याबरोबर पट्टीची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. त्यामुळे कोरड्या हवेत पट्टी आक्रसली की टोकाचा कोन ४५ अंशांहून कमी होऊन जोड आतल्या बाजूला उघडतो, तर दमट हवेत ती फुगली की फट बाहेरच्या टोकाशी पडते. पट्टी जितकी रुंद तितकी ही फट मोठी, म्हणून अरुंद पट्ट्यांचा मायटर अधिक टिकतो.

सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये काळ्या चौकटींना मागणी आली. डच ईस्ट इंडिया कंपनीने मॉरिशससारख्या ठिकाणांहून आणलेले महागडे एबनी लाकूड पातळ कापून स्वस्त लाकडावर चिकटवले जाई, किंवा नासपतीचे लाकूड काळे रंगवले जाई. या चौकटींवर जेसोचा लेप नसल्याने कोपऱ्याची रेषा झाकायला काहीच नव्हते. याच शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या ‘मेकॅनिक एक्झरसायझेस’ या ग्रंथात ४५ अंश दाखवणाऱ्या गुण्याचे वर्णन आले आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच कोरीव चौकटींत मात्र कोपरा पुन्हा झाकला गेला. चौकट आधी जोडून मग कोरली जाई आणि जेसो व वर्ख सांध्यावरून सलग जात.

खरा पालट एकोणिसाव्या शतकात झाला. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा लगदा साच्यात दाबून केलेली नक्षी, आणि यंत्रावर काढलेल्या, आधीच मुलामा दिलेल्या लांब पट्ट्या यांमुळे दुकानदार हवी तितकी पट्टी कापून चौकट करू लागला. आता करवत तयार मुलाम्यामधूनच जात होती, त्यामुळे जोड उघडा पडला आणि त्याची अचूकता हेच कारागिराचे मुख्य कसब ठरले. चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येक कापात एकाच दिशेने अर्ध्या अंशाची चूक झाली, तर पहिले तीन कोपरे दाबून मिटवल्यावर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची तफावत साचते. समोरासमोरच्या पट्ट्या समान लांबीच्या नसतील तर कोन अचूक असूनही चौकट मिटत नाही. म्हणून करवतीनंतर, ४५ अंशांची आडकाठी असलेल्या पाटावर पट्टी टेकवून रंध्याने कागदासारखा पातळ छिलका काढत टोक साधले जाई, आणि तंतूंच्या तोंडांना सरसाचा पातळ हात आधी देऊन मगच जाड हात दिला जाई. पायाने दाबायच्या पात्यांच्या यंत्रांनी पुढे हे काम झपाट्याने होऊ लागले.

महाराष्ट्रात या चौकटीला स्वस्त छापील चित्रांमुळे घरोघरी वाट मिळाली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू झाली आणि १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. तेथील देवदेवतांची रंगीत चित्रे काचेखाली, लाकडी चौकटीत भिंतीवर आली. युरोपात घडलेला जोड अशा रीतीने अगदी वेगळ्या हवामानात पोहोचला. कोकणातील पावसाळा पट्टी फुगवतो, देशावरचा उन्हाळा तिला आकसवतो, आणि एकाच चौकटीचा कोपरा ऋतूप्रमाणे बाहेरून वा आतून उघडू पाहतो. आज मागून ठोकली जाणारी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पोलादी पट्टी दोन टोके एकत्र धरते, पण लाकडाच्या रुंदीतील हा बदल तिला थांबवता येत नाही. तो कमी राहावा म्हणून पट्टी कापण्यापूर्वी पुरेशी मुरलेली असावी लागते.