काकड्याला आलेले आवाज

1973 सालची कार्तिक शुद्ध पंचमी. पहाटेचे साडेचार. शिरूर कासारच्या शिवारात, सिंदफणेच्या अंगाला असलेल्या एका वस्तीच्या वाटेवर तुम्ही उभे आहात. चतुर्थीची कोर कालच रात्री मावळली, मृग पश्चिमेला कललाय. वस्तीवर वीज आलेली नाही. वाट डोळ्यांना दिसत नाही, तुम्ही ती पायांनी चाचपत चालताय.

टाळ ऐकू येतात, देऊळ अगदी पुढ्यात असल्यासारखे. तुम्ही चालत राहता, आणि देऊळ काही येत नाही. हा भास नव्हे. निरभ्र, थंड रात्री जमीन आधी निवते, वरची हवा त्या मानानं उबदार राहते, आणि वर निघालेला आवाज वाकून परत जमिनीकडे येतो. वाराही पडलाय. दिवसा बांधापलीकडे न पोचणारा टाळ आत्ता शेतांमागून शेतं ओलांडतोय.

देवळात एकच समई आहे आणि विठोबापुढे धरलेला काकडा. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसता. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना अर्धा तास तरी लागतो. तोवर कानांनी सगळं देऊळ मांडूनही टाकलेलं असतं. डावीकडे पखवाज आहे. त्याच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावलेली, म्हणून तो खोल घुमतो, फरशीतून थेट मांडीच्या हाडात शिरतो. उजवीकडे दोन टाळ, त्यातला एक केसभर मागे. अंधारात कान तिखट होतात असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. कान तेच असतात, डोळ्यांत गुंतलेलं लक्ष तेवढं त्यांच्या वाट्याला येतं.

आणि म्हणूनच तुम्हाला चालीतली फट ऐकू येते.

कोजागरीला काकडा सुरू झाला तेव्हा ती नव्हती. मग दिवाळी झाली, भाऊबीज उरकली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. गेल्या साली, 1972 च्या दुष्काळात, याच माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली होती. आता मुकादमाची उचल घेतलेली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, बैलगाडीत भांडीकुंडी, मागं म्हातारी माणसं, आणि रस्ता नगरकडच्या कारखान्यांचा. त्या गाड्यांबरोबर वरच्या पट्टीत म्हणणारा गळाही गेलाय. पुढं म्हणणारे आजोबा चरण सोडतात आणि अर्धी मात्रा थांबतात, रोज कुणीतरी झेलत असे त्याच जागी. आज तिथं न फुटलेल्या गळ्याचं एक पोर चाचरत येतं. दुसऱ्या वेळी थोडं धीटपणे.

उजेडात तुम्ही रिकाम्या जागा मोजल्या असत्या, हळहळला असता आणि श्रोतेच राहिला असता. इथं कोण गेलं तेही दिसत नाही, कोण आलं तेही नाही. जे उणं आहे ते चालीतच उणं आहे, आणि ते भरायला आवाजच लागतो. तुमच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही कधी गायला लागलात हे शेजारच्यालाही लगेच कळत नाही, तो नुसता सरकून तुम्हाला जागा देतो. शहरातल्या झगमगत्या मंचासमोर ही मोकळीक मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

दारातून फटफटीत उजाडतं. चेहरे दिसू लागतात, आणि तुम्ही बघायला लागता: कुणाचं मुंडासं, कुणाची घोंगडी. पोराचा चेहरा शोधायला मान वळवता तेवढ्यात चाल सुटते. ती पुन्हा धरायला डोळे मिटावे लागतात.

आरती होते. काकड्याची समाप्ती पौर्णिमेला, अजून दहा दिवस आहेत. बाहेर एका गाडीला बैल जुंपताहेत. केसभर मागे वाजणाऱ्या टाळाचा धनी आपले टाळ खुंटीला अडकवतो, आजोबांच्या पाया पडतो आणि जू धरायला जातो.