जोते आणि किंमत

गुजरातेकडे जाणारे घोडेस्वार येथे घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आज येथे घोड्यांऐवजी घरे बदलली जातात. निवृत्त कामगार प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हाती पडताच आम्हांला विचारतो, "भाऊ, घरात काय सुधारणा करू, म्हणजे विकताना चार पैसे जास्त येतील?" आम्ही बांधकामशास्त्र शिकलेलो नाही. ह्या खोऱ्याच्या इतिहासाने जे शिकविले, तेच सांगतो.

बदलापूर गावात जी जुनी कौलारू घरे उरली आहेत, त्यांचे दगडी जोते पाहा. पायऱ्या चढल्यावाचून उंबरठा येत नाही. उल्हास नदी शेजारी आहे, हे बांधणाराला पक्के ठाऊक होते. त्याने पैसा आधी पायात घातला, शोभा मागून आणली.

दुसरा धडा उल्हासनगरचा. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली वस्तीला नाव मिळाले. पुढे बराकीला ओटा जोडला गेला, ओट्यावर खोली झाली, खोलीवर मजला चढला. संसार वाढला, त्यास दोष कोण देईल? परंतु परवानगीचा कागद मागे राहिला, आणि अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली खास कायदा करावा लागला. ज्या खोलीला कागद नाही, तिच्यावर बँक कर्ज देताना कचरते. मग गिऱ्हाईक तरी पुरते मोल कसे देणार?

तिसरा धडा पुराचा, आणि तो आम्हांला बोचतो. आमच्या दोन सोबत्यांची घरे एकाच गल्लीत होती. एकाने आमच्याच सल्ल्याने संगमरवरी फरशी व नक्षीचे छत केले. दुसऱ्याने आतली जमीन भराव घालून उचलली, छप्पर वर घेतले, गळती थांबविली, गटार वाहते केले. २६ जुलै २००५ रोजी पाणी आले. पुढे घरे विकायला निघाली, तेव्हा गिऱ्हाइकाने फरशीकडे पाहिलेच नाही. "पाणी कुठवर चढले होते?" एवढेच विचारले. पहिल्या घराच्या भिंतीवरील डागाने उत्तर दिले. फरशीचे पैसे बुडाले, ते आमच्या शब्दावर. २०१९ च्या जुलैत ह्याच नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडविली. तेव्हा तो डाग आम्हांला पुन्हा आठवला.

म्हणून आता आम्ही क्रम सांगतो. प्रथम पूररेषा पाहा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मग कागद, मग गळती, सांडपाणी आणि विजेच्या तारा. खोली मोठी करण्यासाठी खांब किंवा तुळई फोडू नका. रंग आणि फरशी शेवटी, उरल्या पैशांत.

आणि एक विनंती. भिंतीवरचा डाग रंगाने झाकून घर विकू नका. घेणारा बहुधा आपल्यासारखाच कामगार असतो, आणि त्याच्याही हाती आयुष्यात एकदाच येणारा फंड असतो.