चौदा सेंट खाली

मीरा रोडच्या आमच्या घरी स्टेज पियानो आला तो लिफ्टमध्ये तिरका उभा करून. ८८ पट्ट्या, चार फुटांहून थोडी जास्त लांबी, वजन वीस किलोच्या आतबाहेर. खरा पियानो घेण्याचा प्रश्नच नव्हता. जागा आणि पैसे हे झालंच, पण इथली हवाही आहे. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, मधे भाईंदरची मिठागरं. खऱ्या पियानोत दोनशेहून जास्त पोलादी तारा असतात आणि त्यांचा ताण सगळा मिळून पंधरा-वीस टनांपर्यंत जातो. तो ताण पेलणारी चौकट बिडाची असली तरी तारांचा नाद वाढवणारी फळी लाकडाचीच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तारा दमट हवेत गंजतात. डिजिटल पियानोत तार नाही. खऱ्या पियानोचा एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळ्या दाबांनी वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टीखालचे सेन्सर ती किती वेगाने दाबली गेली ते मोजतात आणि त्याप्रमाणे आवाज निवडला जातो. पट्टीला जोडलेला हातोडा फक्त बोटाला वजन जाणवावं म्हणून असतो. तो कशावरही आपटून स्वर काढत नाही.

स्टेज पियानो म्हणजे रंगमंचावर न्यायचा, म्हणून त्याला पाय नसतात आणि बहुतेकांना स्पीकरही नसतात. फुलीच्या आकाराचा स्टँड वेगळा, पेडल वेगळं, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. जोडणीचा क्रम ठरलेला: आधी सगळ्या केबल लावायच्या, आवाज शून्यावर ठेवायचा, मग पियानो सुरू करायचा आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. मी हे सगळं नीट केलं, तरी पहिला स्वर वाजवला आणि तो थांबेचना. पेडलवर पाय ठेवला की थांबे, उचलला की पुन्हा घुमे. पेडल उलटं चालत होतं. अर्ध्या तासाने कळलं की पियानो सुरू होतानाच पेडल कुठल्या जातीचं आहे ते ओळखून घेतो, आणि त्या क्षणी माझा पाय त्याच्यावर होता. बंद केला, पाय मागे घेतला, पुन्हा सुरू केला. आता ठीक झालं.

मग आईला बोलावलं. आई ७८ वर्षांची. तिचा सा काळी चारचा. मी काळी चारवरून भूपाचा आरोह वाजवला. ती तिसऱ्या स्वराशीच म्हणाली, "गंधार चढाय गं."

यंत्र नवं होतं, कारखान्यातून स्वर लावूनच आलेलं. पण आईचं म्हणणं बरोबर होतं, आणि या एका वाक्यामागे महाराष्ट्रात शंभरहून जास्त वर्षं चाललेलं भांडण आहे.

सप्तकाचे बारा समान भाग केले की एका भागाला शंभर सेंट म्हणतात. हे माप अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने रूढ केलं, आणि १८८५ सालच्या आपल्या निबंधात जगभरच्या स्वरसप्तकांची तुलना करताना त्याने भारतीय वाद्यंही या मापाने मोजली होती. पियानोत सा पासून शुद्ध गंधार बरोबर ४०० सेंटवर असतो. पण तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार ऐकू येतो, तो ३८६ च्या जवळ असतो, म्हणजे चौदा सेंट खाली. शुद्ध धैवत सोळा सेंट खाली, निषाद बारा सेंट खाली. कोमल गंधार मात्र उलट, सोळा सेंट वर. पंचम जेमतेम दोन सेंटनी चुकतो, म्हणून त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पियानोवाल्यांनी ही चूक अजाणता केलेली नाही. समान भाग केले की कुठल्याही पट्टीला सा मानता येतं, सगळीकडून सारखंच वाजतं. त्या सोयीची किंमत गंधाराने मोजली.

आपल्याकडे ही किंमत पेटीबरोबर आली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारत, दोन्ही हातांनी वाजवायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने १८७५ च्या सुमारास भाता मागे घेतला आणि पेटी जमिनीवर आली. भारतीय बैठकीत ती सहज सामावली, पण एक हात भात्यात गेला. दोन्ही हातांनी स्वरांचे थर रचायचं वाद्य एका हाताने गळ्यामागे जाणारं वाद्य झालं. सूर मात्र तेच राहिले, पियानोच्या हिशेबातले.

१९११ साल या गोष्टीत मोठं मजेदार आहे. त्या मार्चमध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' रंगमंचावर आणलं. चाली होत्या गोविंदराव टेंबे यांच्या, जे स्वतः पेटीचे मोठे वादक. मराठी नाट्यसंगीत आणि पेटी-ऑर्गन यांचं नातं त्या काळात इतकं घट्ट झालं की आजही नाट्यपद म्हटलं की कानात आधी पेटी येते. त्याच सुमाराला सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ही पेटी दुरुस्त करायच्या मागे लागले होते. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांसाठी गायले. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांनी लंडनच्या एच. कीथ मूर यांच्याकडून श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. सप्तकाला बारा नव्हे, बावीस श्रुतींचा हिशेब. सांगलीतला एक पेन्शनर लंडनच्या कारागिराला सांगतो की तुमचा गंधार चढा आहे, तो आमच्या मापाने खाली करून द्या. मला हे चित्र फार आवडतं.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाखाली आणि भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी मांडली गेली, आणि जमलेल्या गवयांना ती पटली नाही. भातखंड्यांनाही देवल-क्लेमंट्स यांचं श्रुतिगणित मान्य नव्हतं. एक अडचण तर उघडच आहे. एका सा पासून गणिताने अचूक लावलेली पेटी दुसऱ्या सा पासून वाजवली की पहिल्यापेक्षाही बेसूर होते. गायिका काळी चारची आणि गायक पांढरी एकचा असेल तर पेट्याही दोन हव्यात.

दुसरा टप्पा रेडिओचा. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये 'इंडियन लिसनर'मध्ये हार्मोनियमविरुद्ध कडाडून लिहिलं. आक्षेप दोन: सूर समान भागांचे, आणि मींड काढता येत नाही. रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. म्हणजे विलायतेहून आलेल्या वाद्याला अभारतीय ठरवण्यात एका इंग्रजाचा मोठा वाटा, आणि त्याआधी तीस वर्षं ते भारतीय करायला धडपडणाऱ्यांतही एक इंग्रज. बंदी अंशतः उठली ती १९७१ मध्ये, तीही आधी वरच्या श्रेणीच्या कलाकारांच्या साथीपुरती.

मधल्या काळात पेटी कुठे गेली नाही. देवळात, शाळेत, नाटकात, तमाशात ती होतीच. १९५४ च्या 'नागिन'मधली सगळ्या देशाला डोलवणारी बीन खरी बीन नव्हती. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन हे विजेवरचं वाद्य आणि त्याच्या जोडीला रवी यांची पेटी. श्रुतींच्या कसोटीवर नापास झालेल्या दोन वाद्यांनी मिळून भारताला गारुड्याची आठवण करून दिली.

माझे आजोबा, आईचे वडील, सांगलीकडे पेटी वाजवायचे. भजनाला, नाटकाला, कुणी गाणारं आलं तर घरात. आई सांगते, संध्याकाळी रेडिओवर गाणं लागलं की ते पेटी काढून बसायचे. रेडिओतल्या गाण्यात सारंगी असायची, पेटी नसायचीच. ती जागा आजोबा भरायचे. गवई दिल्लीत किंवा मुंबईत, साथीदार सांगलीत, आणि गवयाला त्याचा पत्ता नाही. ते १९६९ मध्ये गेले.

आता परत माझ्या यंत्राकडे. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९८६ चा रोलँड आरडी-१००० हा सुरुवातीच्या डिजिटल स्टेज पियानोंपैकी एक. १९८७ च्या यामाहा डीएक्स-७ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाजवणाऱ्याला प्रत्येक स्वर हवा तसा सरकवता येऊ लागला. आज अनेक स्टेज पियानोंमध्ये ही सोय असते, मेन्यूत पाच-सहा पायऱ्या आत, बहुधा 'स्केल ट्यून' किंवा 'टेम्परामेंट' या नावाखाली. बारा स्वरांची यादी, प्रत्येकापुढे शून्य. मी आधी रूट जी-शार्प केला, म्हणजे काळी चार. हे विसरलं तर पुढचं सगळं गणित चुकीच्या सा वर बसतं. मग गंधार उणे चौदा, धैवत उणे सोळा, निषाद उणे बारा, तीव्र मध्यम उणे दहा, रिषभ अधिक चार, कोमल गंधार अधिक सोळा, कोमल धैवत अधिक चौदा, कोमल रिषभ अधिक बारा. पंचमाला दोन दिले. पाच मिनिटं लागली. दुसरा सा हवा असेल तर फक्त रूट बदलायचा, दोन पेट्या लागत नाहीत. देवलांनी ज्यासाठी पुस्तक लिहिलं आणि लंडनपर्यंत पत्रव्यवहार केला, ते काम जेवणाआधी उरकलं. मुंबईतच डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडवली आहे, म्हणजे हा ध्यास यंत्रं आली म्हणून संपलेला नाही.

आईला पुन्हा बसवलं. तिने भूप आळवायला सुरुवात केली, मी मागून वाजवू लागले. गंधारावर ती थांबली, मीही. स्वर एकमेकांत मिसळले, मघासारखी थरथर नव्हती. मला वाटलं, झालं. ती म्हणाली, "आता सूर बरा लागलाय. पण साथ कुठाय?"

मी काय चुकत होते ते तिने हाताने दाखवलं. ती पंचमावरून गंधारावर घसरत येते तेव्हा मी मधला प्रत्येक स्वर वाजवत होते. "बाबा तिथं काहीच वाजवायचे नाहीत. पंचम धरून ठेवायचे, मी खाली पोचले की मग गंधार." पेटीला मींड येत नाही हे फोल्ड्ससाहेबांचं म्हणणं खरंच होतं, आणि ते आजोबांनाही ठाऊक होतं. त्यावर त्यांच्याकडे उपाय होता: तिथे थांबायचं. दरबारीचा आंदोलित गंधार तर कुठल्याच आकड्यावर बसत नाही. तिथे ते भाता हलका करून षड्जावर राहायचे. माझ्या पियानोला स्वर वाकवायचं चाक आहे. ते वापरून पाहिलं, तर वाजणारे सगळे स्वर एकदम वाकले, सा सुद्धा. आई हसली.

म्हणून मला वाटतं, देवल आणि फोल्ड्स दोघांनीही वाद्य तपासलं, वाजवणारा तपासला नाही. गंधाराची तक्रार रास्त होती, आणि ती आता सुटली आहे. ज्या बंदीमुळे तीस वर्षं रेडिओत पेटी वाजली नाही तिचं एक कारण माझ्या घरी मेन्यूतला एक आकडा झालं. पण आकडा बरोबर भरल्यावरच दिसलं की आजोबांसारख्या लोकांनी चढ्या गंधाराच्या पेटीवर काय सांभाळलं होतं. गळ्याला कुठे वाट सोडायची, हे ज्ञान कुठल्याही मेन्यूत नाही, आणि त्या तीस वर्षांतल्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणांतही नाही, कारण तिथे पेटीच नव्हती. ते घराघरांत राहिलं आणि माणसांबरोबर गेलं.

केलेलं सेटिंग मी साठवून ठेवलं आहे. रोज संध्याकाळी आई गाते, मी उजव्या हाताने वाजवते. डावा हात मोकळाच असतो, भाता नाही. कधीकधी तो आपोआप बाजूला उघडमीट करतो. मग आई गाणं न थांबवता मान हलवते, म्हणजे इथे वाजवू नकोस. मी बोट उचलते.