परमचे चार हात आणि बर्डीवरचं कोटेशन

आजचा विषय एका फोटोमुळे सुचला. गेल्या आठवड्यात मामेभावाने बर्डीवरच्या एका दुकानातून कोटेशनचा फोटो पाठवला. त्यात प्रोसेसर एकदम वरचा आणि रॅमची एकच काडी. साठवणीला जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, आणि पॉवर सप्लायच्या जागी नुसतं ‘५०० वॅट’, कंपनीचं नावच नाही. खाली मेसेज: “दादा, घेऊन टाकू ना? दुकानदार म्हणते दहा वर्ष पाहायचं काम नाही.”

मी हसलो नाही, कारण बीटेकच्या पहिल्या वर्षी मीही अगदी हेच केलं होतं. बाबांनी एफडी मोडून पैसे दिले होते. नवा कोरा आय-सेव्हन, आणि मशीन सुरू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा. प्रोसेसर बिचारा बसून असायचा, डिस्ककडून माल यायची वाट बघत. बाबांनी एकदा विचारलंही, “इतक्या पैशात हेच येते का?” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढे परमबद्दल वाचलं तेव्हा कुठे ते सापडलं.

थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून क्रे कंपनीचं एक मशीन मिळालं, तेही अटी घालून. त्याहून ताकदीचं मशीन द्यायला अमेरिका तयार नव्हती. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि तिची सूत्रं डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर आपल्याकडचेच! अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि १९६५ साली नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झालेले.

आता गंमत बघा. क्रेसारखा एकच दांडगा प्रोसेसर बनवायचा, तर ते तंत्र आपल्याकडे नव्हतं. बाजारात मिळत होते ते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर. त्यातला टी-८०० एकटा काही क्रेच्या आसपासही जाणारा नव्हता. पण त्याची जडणघडण बघा: आकडेमोड करणारा भाग, दशांशांचं गणित करणारा भाग, ४ केबी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक, हे सगळं एकाच चिपवर. प्रत्येक लिंकचा वेग सेकंदाला २० मेगाबिट. आज आपला मोबाईलचा डेटा त्याहून जोरात पळतो, पण या चिपच्या मानाने ते बोलणं पुरेसं होतं. जेवढं गणित करायची ताकद, त्याच बेताने माल आणायची-न्यायची सोय. असे ट्रान्सप्युटर जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या एका मशीनमध्ये ६४ प्रोसेसर होते.

माझ्या मते खरा धडा पुढच्या मशीनमध्ये आहे. ‘परम ८६००’ करताना सी-डॅकने इंटेलचा आय-८६० घेतला. गणितात तो टी-८०० च्या कितीतरी पट पुढे, पण भूकही तेवढीच मोठी. कागदावरचा त्याचा वेग प्रत्यक्षात गाठणं जगभर सगळ्यांनाच जड गेलं, कारण त्याला वेळेवर डेटा भरवणं सोपं नव्हतं. जुने ट्रान्सप्युटर काढून त्याजागी आय-८६० बसवून मोकळं होता आलं असतं का? नाही ना. मग बोलणार कोण? म्हणून त्यांनी प्रत्येक नोडमध्ये एका आय-८६० सोबत चार ट्रान्सप्युटर ठेवले. एक मोठा आचारी आणि चार वाढपी, असंच समजा. शिवाय ‘परम ८०००’ वरचे प्रोग्राम इथेही चालावेत म्हणून प्रोग्रामिंगची व्यवस्था तीच ठेवली. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा भाग जास्त भावतो, पण तो विषय पुन्हा कधी.

आणि एवढं जुळवूनही पूर्ण वेग मिळतो असं नाही. २००७ मध्ये पुण्यातलाच टाटांचा ‘एका’ जगात चौथा आला. त्याचा कागदी वेग सुमारे १७१ टेराफ्लॉप्स, चाचणीत मोजला गेला ११७.९. म्हणजे जगातल्या चौथ्या मशीनलाही जवळपास ३० टक्के वेग वाटेत सोडावा लागला. खोक्यावरचा आकडा वाचताना हे लक्षात असू द्या.

तर भावाला रात्री फोन केला. म्हटलं, प्रोसेसर एक पायरी खाली घे. त्यातून वाचले त्यात एसएसडी येते. १६ जीबीची एक काडी नको, ८-८ च्या दोन घे आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत लाव, म्हणजे मेमरीचे दोन रस्ते एकदम सुरू होतात. तू वेगळं ग्राफिक्स कार्ड घेत नाहीयेस, त्यामुळे तुझ्या गेमला हा फरक जाणवेलच. पॉवर सप्लाय मात्र नाव असलेल्या कंपनीचा, बिलावर मॉडेल लिहून घे. आणि बोर्ड त्या प्रोसेसरला बायोस अपडेट न करता चालतो का, ते पैसे द्यायच्या आधी विचार.

“दादा,” तो म्हणाला, “पण मग मित्रांना सांगू काय? त्यांचा आय-सेव्हन आहे ना.”

मी त्याला परमची गोष्ट सांगायला घेतली. पाच मिनिटं ऐकलं त्याने. मग म्हणाला, “बरं, दोन काड्या. पण लाईटवाल्या.”

घे बाबा, लाईटवाल्या घे.