तळणीचें खग्रास ग्रहण

पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना दि. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं झाली. इ. स. २०१९ मध्यें तिला पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं, व आज चालूं असलेल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या भारतीय संस्थांत ती सर्वांत जुनी गणली जाते. हा मान लहान नव्हे. हॅलेच्या धूमकेतूच्या वर्षीं, म्हणजे १९१० सालीं, कलकत्त्यास निघालेली अशीच एक संस्था फार काळ टिकली नाहीं. तथापि हौशी मंडळींनीं मराठी मुलखांत केलेलें एक मोठें काम परिसंस्थेच्याही शेहेचाळीस वर्षें आधींचें असून तें आमच्या वऱ्हाडांत घडलें. त्याचें येथें स्मरण करून देतों.

शके १८१९ पौष वद्य ३०, शनिवार (दि. २२ जानेवारी १८९८) या दिवशीं दुपारीं खग्रास सूर्यग्रहण झालें. छायेचा पट्टा कोंकण किनाऱ्यावरून देशावर चढून, करमाळ्याकडील जेऊर, वऱ्हाडांतील तळणी असा ईशान्येस बक्सरकडे गेला. आमचें रोहिणखेड त्याच्या उत्तरेस पडल्यामुळें येथें तें खंडग्रासच होतें. (गांवाच्या नांवावरून रोहिणी नक्षत्राशीं संबंध जोडण्याचा मोह होतो, आम्ही तो आवरतों.) जेऊरास पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रो. कावसजी दादाभाई नायगांववाला यांचें ठाणें होतें. तळणी हें धामणगांव व पुलगांव यांमधील आगगाडीचें लहानसें स्थानक. तेथें लंडनच्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या, १८९० सालीं निघालेल्या हौशी संस्थेची तुकडी उतरली. तींत वॉल्टर व ॲनी मॉण्डर हें दांपत्य, थ्वेट्स आणि एव्हर्शेड होते.

ॲनीबाई पूर्वीं ग्रीनिचच्या वेधशाळेंत गणकाचें काम करीत. १८९५ सालीं विवाह होतांच नियमाप्रमाणें ती नोकरी सुटली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचें दार स्त्रियांस १९१६ पर्यंत बंद होतें; या हौशी संस्थेचें आरंभापासून उघडें होतें. खग्रासाचा अवधि सुमारें दोन मिनिटांचा. तेवढ्यांत बाईंनीं दीड इंच व्यासाच्या भिंगानें सूर्याभोंवतालच्या प्रभामंडलाची एक शिखा टिपली. तोंवर छायाचित्रांत आलेल्या शिखांत ती सर्वांत लांब ठरली. एव्हर्शेड तेव्हां हौशीच होते. पुढें ते कोडाईकॅनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. हें सर्व आज आपणांस कळतें, कारण वॉल्टर मॉण्डर यांनीं संपादिलेला वृत्तांत संस्थेनें लगेच, १८९९ सालीं, छापून काढला.

इकडे विद्येची वाण होती काय? मुळींच नाहीं. केरो लक्ष्मण छत्रे यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ १८६० सालचीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चा. ग्रहणाच्याच वर्षीं दीक्षित वारले. शके १४४२ च्या ग्रहलाघवावरून गणित करणारे जोशी तर गांवोगांव होते. पंचांगशोधनाच्या वादांत ग्रहण हीच उभयपक्षांस मान्य अशी साक्ष. पण त्या दुपारीं वऱ्हाडांतील एखाद्या जोशानें गणित व आकाश ताडून पाहिल्याचें टिपण आमच्या हातीं अद्याप आलेलें नाहीं.

तरी संग्राहकांस विनंति कीं, दफ्तरांत शके १८१९ चें पंचांग असल्यास पौष अमावास्येच्या ओळीजवळील समास पाहावा. स्पर्शमोक्षाच्या घटिकापळांशेजारीं शाईनें दुसरे अंक घातले असतील, तर त्यांची नक्कल आम्हांकडे पाठवावी. पान फाडून मात्र पाठवूं नये.