शूबर्ट, मॅक्स

शूबर्ट, मॅक्स : (१९१५–१९९४). ऑस्ट्रेलियन वाइननिर्माते व ‘ग्रेंज’ या वाइनचे जनक. जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील मोकल्टा येथे, जर्मन वंशाच्या कुटुंबात. पेनफोल्ड्स कंपनीत ते १९३१ मध्ये निरोप्या म्हणून लागले. काम शिकत, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी नोकरी उरकून, १९४८ मध्ये मुख्य वाइननिर्माते झाले.

त्या काळी ऑस्ट्रेलियात खप होता तो स्पिरिट मिसळून कडक केलेल्या गोडसर पोर्ट-शेरीचा. १९५० मध्ये कंपनीने शूबर्टना शेरीचे तंत्र पाहायला स्पेनला पाठवले. परतीच्या वाटेवर ते फ्रान्समध्ये बोर्दोला थांबले आणि तिथे त्यांना चाळीस-पन्नास वर्षे मुरूनही ताज्या राहिलेल्या लाल वाइन चाखायला मिळाल्या. पाठवले होते शेरीसाठी. त्यांच्या डोक्यात मात्र हेच बसले.

बोर्दोची काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षे दक्षिण ऑस्ट्रेलियात दुर्मिळ होती. म्हणून त्यांनी मुबलक मिळणारी शिराझ निवडली; हीच जात आज नाशिकच्या मळ्यांतही दिसते. १९५१ च्या पहिल्या प्रयोगात रस आंबू लागला की साली वर तरंगू नयेत म्हणून टाकीत आडव्या फळ्या बसवल्या. तापमान आवरून आंबवण मुद्दाम संथ ठेवली, म्हणजे सालीतला रंग आणि तुरटपणा रसात पुरता उतरतो. शेवटची आंबवण नव्या अमेरिकी ओकच्या पिंपांत होऊ दिली. फ्रेंच ओकचा हट्ट न धरणे, हाच या प्रयोगातला खरा शहाणपणा म्हणावा लागेल.

ही वाइन मुरायला वर्षे हवी होती. सिडनीत कंपनीच्या वरिष्ठांनी व निमंत्रित जाणकारांनी ती कोवळेपणीच चाखली आणि नाक मुरडले; एकाला तर तिच्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. १९५७ च्या हंगामाआधी उत्पादन थांबवण्याचा लेखी हुकूम आला. शूबर्टनी तो मानला नाही. १९५७ ते १९५९ अशी तीन वर्षे ॲडलेडजवळच्या मॅगिल येथील तळघरांत ते ग्रेंज लपूनछपून करत राहिले. नव्या पिंपांना पैसे नसल्याने जुनीच वापरावी लागली, आणि त्या सालांच्या वाइनला ओकचा जोर कमी पडला. स्थानिक व्यवस्थापनातील जेफ्री पेनफोल्ड हायलंड यांची साथ नसती, तर हे फार दिवस लपले नसते.

तोवर आधीच्या बाटल्या मुरत गेल्या, मत पालटले आणि १९६० मध्ये त्याच संचालकांनी उत्पादन पुन्हा सुरू करायला सांगितले. १९५५ च्या ग्रेंजने १९६२ मध्ये सिडनीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवले; पुढे तिच्या नावावर पन्नासहून अधिक सुवर्णपदके जमा झाली. शूबर्ट १९७५ मध्ये निवृत्त झाले. ‘डिकँटर’ या ब्रिटिश मासिकाने १९८८ मध्ये त्यांचा वर्षातील मानकरी म्हणून गौरव केला.

१९५१ ची वाइन विक्रीला आलीच नाही; बहुतेक बाटल्या ओळखीच्यांना वाटल्या गेल्या. पुढे त्यांतली एखादी लिलावात आली, तेव्हा बोली एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्याही पुढे गेलेली आहे.