जुलीचे शेवटचे १५६ तास

जुली हे नाव केवळ सांगण्यासाठी घेतलं आहे. आठ वर्षांची लॅब्रेडॉर, वजन २८ किलो, कधी पिल्लं झालेली नाहीत, स्पेचं, म्हणजे गर्भाशय-अंडाशय काढण्याचं, ऑपरेशनही झालेलं नाही. हीट, म्हणजे माज, संपून पाच आठवडे उलटलेत. मे महिना आहे आणि घर पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साठणं, वेळेत ओळखला गेला नाही की ज्या क्रमाने घात करतो, तो क्रम तिच्या निमित्ताने मांडतो आहे. शून्य तास म्हणजे रविवार, पहाटे ४.

उणे १२० तास. मंगळवार, पहाटे ४
जुली दाराशी जाऊन कुंई कुंई करते. रात्रभर शी-शू रोखून धरणारी ही कुत्री पहाटे खाली न्या म्हणते आहे. जिन्यातच लघवी होते, पाण्यासारखी, जवळजवळ बिनरंगाची. आजी म्हणतात, "वय झालं आता तिचं."

आजार इथे सुरू झालेला नाही. हीटच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं आणि आतड्यात एरवी निमूटपणे राहणारे ई. कोलाय जंतू वर चढू शकतात. हीट संपल्यावर, नर लागलेला असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन साधारण दोन महिने वाढलेलं राहतं. गर्भ येणार अशीच तयारी शरीर करतं: अस्तर जाड होतं, ग्रंथी स्राव सोडतात, तोंड मिटतं, गर्भाशयाचं आकुंचन थांबतं आणि तिथली प्रतिकारशक्ती ढिली पडते. जंतूंना याहून सोयीची जागा मिळणार नाही. दर हीटला हेच घडत राहिल्याने अस्तर बिघडत जातं. म्हणून हा आजार जास्त करून मध्यम वयात आणि त्यापुढे दिसतो. हीट लांबवण्यासाठी दिली जाणारी हार्मोनची इंजेक्शनं हा धोका आणखी वाढवतात.

उणे १०८ तास. मंगळवार, दुपारी ४
पाण्याचं भांडं तिसऱ्यांदा रिकामं. "ऊन किती आहे बघा," असं घरात सगळेच म्हणतात, आणि मे महिन्यात कुणीही तेच म्हणेल. मला सगळ्यात जास्त इथेच थांबावंसं वाटतं, कारण जुलीला वाचवणं सगळ्यात सोपं होतं ते याच दुपारी.

निरोगी कुत्री दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलीटर पाणी पिते. जुलीच्या वजनाला ते दीड लिटरच्या आसपास येतं. किलोमागे १०० मिलिलीटरच्या वर गेलं, म्हणजे तिच्या बाबतीत २.८ लिटरच्या पुढे, तर ती तहान उन्हाळ्याच्या नावावर टाकू नये. ई. कोलायचं विष मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवू देत नाही. लघवी पातळ होऊन वाहून जाते आणि ते भरून काढायला ती पीत राहते. मापाच्या जगने भांडं भरलं तर हा हिशेब एका दिवसात हाती येतो.

रात्री फरशी ओली होऊ नये म्हणून घरातले भांडं उचलून ठेवतात. यात कुणाचा दुष्टावा नाही, पण जिच्या अंगातलं पाणी आधीच वाहून चाललंय तिचं पिणंही बंद झालं.

उणे ८० तास. बुधवार, रात्री ८
सोफ्याच्या चादरीवर रुपयाएवढा डाग. कडेला पिवळसर, मध्ये तांबूस तपकिरी, आणि त्याला सडका वास. घरात दोन वर्षांची दुसरी कुत्री चिंगीही आहे आणि तिची हीट गेल्याच आठवड्यात संपली, म्हणून डाग तिच्या नावावर जातो. जुली कोपऱ्यात बसून मागचा भाग सारखा चाटते आहे. चाटून ती स्वतःला इतकी स्वच्छ ठेवते की कुणाला काही दिसतच नाही. शेपटी उचलून पांढरा टिश्यू टेकवला असता तर डाग कुणाचा हे तिथेच कळलं असतं.

उणे ५७ तास. गुरुवार, संध्याकाळी ७
डाग थांबले. चादर बदलली, घर निश्चिंत झालं.

थोडं उघडं राहिलेलं गर्भाशयाचं तोंड आता मिटलं आहे. पू तयार होणं चालूच आहे, फक्त त्याला बाहेरची वाट राहिलेली नाही. पायोमेट्राचा हा बंद प्रकार जास्त घातक, कारण त्यात बाहेर काहीच दिसत नाही.

उणे ४४ तास. शुक्रवार, सकाळी ८
जुली दहीभाताला तोंड लावत नाही. पिवळी, फेसाळ उलटी. ओळखीच्या कुणीतरी फोनवर ॲसिडिटीची गोळी सुचवली, ती दिली. अंग गरम लागतं म्हणून माणसांची तापाची गोळीही द्यायची चर्चा होते; दिली नाही हे बरं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्यांना मनाने द्यायची औषधं नव्हेत, त्यातून मूत्रपिंड थकलेलं असताना तर मुळीच नाही.

या क्षणीही दवाखान्यात सोनोग्राफी झाली असती तर द्रवाने भरलेल्या काळ्या नळ्या पडद्यावर दिसल्या असत्या, सीबीसीत पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या निघाल्या असत्या. सलाईन, अँटिबायोटिक आणि गर्भाशय-अंडाशय काढून टाकण्याचं ऑपरेशन. अशा वेळी ऑपरेशन झालेल्या बहुतेक कुत्र्या बऱ्या होऊन घरी जातात.

उणे २० तास. शनिवार, सकाळी ८
पोट फुगून घट्ट झालं आहे. उठताना मागचे पाय लटपटतात. घरात साखरपुड्याची गडबड. "उद्या नेऊ."

उणे ९ तास. शनिवार, संध्याकाळी ७
ताप १०४. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. नेहमीचा दवाखाना बंद झालेला. धाकटी मुलगी जुलीचा ओठ वर करून हिरडी दाबते: पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा, तो तसाच रेंगाळतो. ती आईला हाक मारते, पण आई पाहुण्यांत आहे.

उणे ३ तास. रविवार, रात्री १
अंग गार लागतं. थर्मामीटर ९९. "ताप उतरला," असं म्हणून सगळे झोपतात. तापानंतर कुत्री मलूल, कान-पंजे थंड आणि श्वास भरभर असेल, तर ती बरी होत नसते. रक्तात पसरलेल्या संसर्गापुढे शरीर हात टेकत असतं.

शून्य. रविवार, पहाटे ४
ताणलेली भिंत फाटते. पू पोटात पसरतो.

अधिक २ तास
चोवीस तास चालणारं रुग्णालय. टेबलावर घेता घेता डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "काकू, शेवटची हीट कधी झाली?" काकूंना महिना आठवत नाही. सलाईन लावून, रक्तदाब थोडा सावरताच पोट उघडतात. गर्भाशयाची दोन्ही शिंगं मनगटाएवढी फुगलेली, उजव्या शिंगाला भोक. कोमट सलाईनने पोट पुन्हा पुन्हा धुतात.

अधिक ३६ तास. सोमवार, दुपारी ४
लघवीच्या पिशवीत सकाळपासून थेंब नाही. मूत्रपिंडं बंद पडली. जुली गेली.

डॉक्टरांनी निघताना चिंगीचं विचारलं. तिचं स्पे ऑगस्टमध्ये ठरलं, हीट संपून दोन-तीन महिने झाल्यावर, कारण तोवर गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तोपर्यंत तिचं पाणी रोज मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. प्रमाण वाढलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी.